दातानं ऊस सोलणारी पमी

कोल्हापुरात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. दिग्दर्शक मल्हारराव स्वतःच त्यात दुष्ट सावकार झाले होते, आणि तोरा असा की विचारू नका. आठ वर्षांच्या पमीला सीनमध्ये रडायचं होतं, पण त्यांच्या चिकटवलेल्या मिशा बघून तिला हसूच आवरेना. मेकअपवाल्यानं डोळ्यांत पाणी आणायला ग्लिसरीन काढलं.

"ठेव ते आत!" मल्हारराव कडाडले. "माझ्या सिनेमात सगळं खरं लागतं! ओ वहिनी, पोरीला सणसणीत चिमटा काढा. नाहीतर दुसरी पोरगी बोलावतो."

पमीची आई, आक्काताई, पदर खोचून उठली.

"काढते की साहेब. पण पुढच्या सीनमध्ये ही सावकाराच्या मनगटाला कडकडून चावते, तेपण खरंच ना? न्हाई, आधीच सांगून ठेवते, आमची पमी अख्खा ऊस दातानं सोलते."

मल्हाररावांनी आधी पमीचे दात बघितले, मग स्वतःचं मनगट.

"ग्लिसरीन आणा रे!"

पमी झकास रडली. पुढच्या सीनमध्ये तिनं मनगटाला नुसते ओठ टेकवले, तर मल्हारराव असे बोंबलले की पहिलाच टेक ओके झाला.

आक्काताई म्हणाली, "बघा साहेब, न दुखवतापण माणूस कसं खरंखुरं रडतंय!"