टेमुर्लीत वाचन मध्येच का थांबवत नाहीत

टेमुर्ली बुद्रुकच्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी साडेआठला पेपर येतो, पण नऊ वाजेपर्यंत ग्रंथपालांशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. ओट्यावर दहा-बारा म्हातारी माणसं बसलेली असतात. बचत गटाच्या बाया अर्ज लिहून घ्यायला आलेल्या असतात. आतल्या खोलीत परीक्षांचा अभ्यास चालू असतो. ग्रंथपाल मात्र कुणाशी बोलत नाहीत. टेबलाशी बसून ते अख्खा पेपर मनातल्या मनात वाचून काढतात. मग ओट्यावर येतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात. एकदा बातमी वाचायला घेतली की ती संपेपर्यंत थांबत नाहीत. पावसाची सर आली तरी नाही, समोरून कुणाची वरात गेली तरी नाही. ऐकणारेही उठत नाहीत. मागे एकदा जिल्ह्याचे साहेब वाचनालय बघायला आले, तर त्यांनाही दारातच हात जोडून उभं राहावं लागलं. बातमी संपली, मगच गावानं त्यांना 'या, बसा' म्हटलं.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. मग गावातले जुने जाणते तुळशीरामजी मत्ते त्याला ओट्यापुढच्या निंबाच्या सावलीत बसवतात आणि कारण सांगतात. त्यांनी ते वडिलांकडून ऐकलं, वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणतात.

गोष्ट कोळशाच्या खाणी नव्यानं सुरू झाल्या त्या काळातली. वाचनालय तेव्हा एका खोलीचं होतं. पुस्तकं होती सव्वाशे आणि ती वाचू शकणारी माणसं गावात सात. त्यामुळे पुस्तकं देणं हे वाचनालयाचं काम नावालाच. खरं काम म्हणजे पेपर वाचून दाखवायचा, कुणाचं पत्र आलं तर ते वाचून द्यायचं, उत्तर लिहून द्यायचं. हे सगळं उद्धव खिरटकर करायचा. वय चोवीस, शिक्षण सातवी पास, आणि आवाज असा, की त्यानं बाजारभाव वाचला तरी लोक माना डोलावत. आपला आवाज चांगला आहे, हे उद्धवलाही ठाऊक होतं. टपालातून आलेला पेपर तो आधी उघडून बघत नसे. सगळ्यांसमोर वरची कागदी पट्टी फाडायची, घडी उलगडायची आणि कुठंही न अडखळता वाचत सुटायचं, याचं त्याला भूषण वाटे.

ऐकणाऱ्यांत सगळ्यात पुढं, निंबाच्या बुंध्याला टेकून, गिरजामाय डाहुले बसायची. तिला नवरा नव्हता. एकुलता एक मुलगा मारोती खाणीत कामाला लागला होता. पेपरातलं तिला फारसं समजत नसे. पण हा कागद आपला मारोती आहे त्या बाजूनं येतो, एवढ्यासाठी ती रोज येऊन बसते, असं ती म्हणायची.

चैत्राचे दिवस होते. नदी आटून गुडघ्याएवढी झाली होती. त्या दिवशी उद्धवनं घडी उलगडली आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं : खाणीचं छत कोसळून सतरा मजूर ठार. उद्धवनं तिथं थांबायला हवं होतं. गावातली नऊ माणसं खाणीत आहेत, हे त्याला माहीत होतं. पण समोर माणसं श्वास रोखून ऐकत होती आणि त्याचा आवाज आपोआप चढत गेला. पुढं जन्मभर त्याला ही एकच गोष्ट टोचत राहिली, म्हणे, की त्या क्षणी वाचताना त्याला बरं वाटत होतं.

मग मृतांची यादी आली. एकामागून एक नाव, गाव. नववं नाव त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा ते कुणाचं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मारोती डाहुले, राहणार टेमुर्ली."

उद्धवच्या हातातला पेपर तसाच राहिला. गिरजामाय बुंध्याचा आधार घेऊन हळूच उठली.

"उद्धवा, वाच आणखी एकदा."

दुसरं काय करावं हे न सुचून त्यानं तेच वाचलं, त्याच शब्दापर्यंत. मग त्यानं कागद मिटला. गिरजामाय पुन्हा खाली बसली. तिनं पदर नीट केला, जणू पुढलं ऐकायचं आहे. लोक तिला काय म्हणावं या विचारात असतानाच शेजारणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती कलंडली. जीव गेलेला होता. डोळे मात्र उद्धवकडेच लागलेले होते, असं सांगतात.

अग्नी द्यायला घरचं कुणी उरलं नाही, असं गावानं धरलं. जाणत्यांनी उद्धवला पुढं केलं, कारण माय-लेकांची पत्रं तोच लिहायचा, तोच वाचायचा. त्यानं खांद्यावर मडकं घेतलं, फेऱ्या घातल्या, चूड लावली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला पंधरा-वीस माणसं नदीवर गेली. उद्धव टोपलीत अस्थी वेचत होता. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक माणूस धोतर वर धरून पाण्यात उतरला. उन्हामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो मधोमध आला, अलीकडे आला, काठावर चढला. कानाच्या पाळ्यांत, नखांत कोळसा भरलेला होता. तो मारोती डाहुले होता.

एक म्हातारा होता तिथंच चिखलात बसला. दोघं-तिघं मागं सरली. मारोतीनं सगळ्यांकडे पाहिलं, मग राखेकडे.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

उद्धवच बोलला, "तुझी माय."

"कशानं?"

"माझ्या वाचण्यानं," उद्धव म्हणाला.

मारोतीला ते कळलंच नाही. तो आपलंच सांगत राहिला. दुर्घटना दुसऱ्या खाणीत झाली होती, त्याच्या खाणीत तर कुणाला खरचटलंही नव्हतं. पण बातमी मायच्या कानावर गेली तर ती घाबरेल, म्हणून तो त्याच दिवशी निघाला. गाडी मिळाली नाही, तेव्हा रुळांच्या कडेनं चालत आला. मला धडधाकट पाहिलं की तिच्या जीवात जीव येईल, एवढंच म्हणत आलो, असं तो दोन-तीनदा बोलला. मग बोलता बोलता त्याला समजलं आणि तो राखेशेजारी बसला. उद्धवच्या हातातली टोपली कुणीतरी काढून घेतली.

त्यानंतर तेरा दिवस वाचनालय बंद राहिलं. टपालानं आलेले पेपर दाराच्या फटीतून आत पडत राहिले. वाचनालयाचे अध्यक्ष उद्धवच्या घरी दोनदा जाऊन आले. त्यानं किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. यापुढं छापलेला कागद हातात धरणार नाही, असं त्यानं सांगितलं. जेवणही त्याचं तुटल्यासारखंच झालं होतं. पेपरवाल्यांनी जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत छापलं, यात तुझा काय दोष, असं लोक म्हणायचे. पण उद्धवला त्यानं काही उतार पडेना.

चौदाव्या दिवशी मारोती त्याच्या दारात आला. डोक्याचं मुंडण झालेलं होतं. त्यानं रागाचा एक शब्द काढला नाही. म्हणाला, "मायनं शेवटचं जे ऐकलं ते मले ऐकायचं आहे. चल."

दोघं वाचनालयात गेले. तो पेपर तसाच मिटलेला टेबलावर होता. मारोती निंबाखाली आई बसायची तिथं बसला. लोकही जमले. उद्धवनं वाचायला सुरुवात केली, पण आता त्या आवाजात काही उरलं नव्हतं. एकेक नाव तो दगड उचलावा तसं उचलत होता. नववं नाव आलं. "मारोती डाहुले, राहणार टेमुर्ली." तिथं तो स्तंभ संपत होता. उद्धव थांबला.

"पुढं वाच," मारोती म्हणाला.

उद्धवनं मान वर केली आणि शेजारच्या स्तंभाच्या माथ्यावर पाहिलं. तिथं यादी पुढं चालू होती. पहिलाच शब्द होता, 'खुर्द'.

नदीपल्याड आणखी एक टेमुर्ली आहे, बारक्या वस्तीची. ती खुर्द, ही बुद्रुक. पण बुद्रुक-खुर्द हे सरकारी कागदापुरतं. तोंडानं सगळे आपापल्या गावाला नुसतं टेमुर्लीच म्हणत. आणि मारोती हे नाव तर त्या भागात घरटी एक.

उद्धव तो शब्द वाचू शकला नाही. त्यानं पेपर मारोतीपुढं धरला आणि त्यावर बोट ठेवलं. मारोतीला अक्षर येत नव्हतं. मग कुणीतरी मागून वाकून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं. ओट्यावर बसलेले सगळे उठून उभे राहिले, असं तुळशीरामजींचे वडील सांगायचे. पेपरानं चूक केलीच नव्हती. एक शब्द आणखी वाचला असता तर गिरजामाय उठून घरी गेली असती.

उद्धव भिंतीला धरून उभा होता. आता मारोती आपल्याला मारील आणि ते बरंच होईल, असं त्याला वाटत होतं. पण मारोती वेगळाच विचार करत होता. तो म्हणाला, "मंग पल्याड कोनाले ठाऊक आहे का?"

खुर्दमध्ये वाचनालय नव्हतं, पेपर येत नव्हता आणि वाचता येणारं माणूस एकही नव्हतं. हे उद्धवच्या डोक्यात शिरलं तसा तो कागद खाली ठेवून ओट्यावरून उतरला. दोघं नदी ओलांडून गेले.

तिथल्या मारोती डाहुल्याची बायको पार्वता अंगणात तूर पाखडत होती. उद्धवला तिनं कधीमधी बाजारात पाहिलं होतं. बुद्रुकचा पत्र वाचणारा आला म्हटल्यावर तिला आनंदच झाला. घरधन्याचं पत्र येऊन आठ दिवस झाले, वाचून द्यायला कुणी मिळालं नाही, असं म्हणत तिनं ते कोनाड्यातून काढून आणलं. आठ दिवस त्या पत्राला ती रोज हळदकुंकू वाहत होती.

उद्धवनं पत्र उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मोठ्यानं वाचायच्या आधी सगळं मनात वाचलं, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग म्हणाला, "ताई, खाली बस. मी संपवीन तोवर उठू नको."

दुसऱ्या ओळीलाच तिला कळलं. ती उठली आणि सूप लाथेनं उडवत दाराकडे धावली. दारात मारोती उभा होता.

"माझी माय अर्ध्यावरच गेली," तो म्हणाला. "तू शेवटपर्यंत ऐक."

ती चौकट धरून थांबली. उद्धव थांबला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आवाज फाटत होता, पण तो वाचत होता. पत्र दौलत गेडाम नावाच्या सोबत्यानं लिहवून घेतलेलं होतं. छत कोसळलं तेव्हा तिचा मारोती दगडांच्या पलीकडे अडकला, असं त्यात होतं. आणि शेवटी असं होतं, की 'दगड हलले नाहीत, पण आवाज जात होता. तो होता तोवर आम्ही सगळे पाळीपाळीनं त्याच्याशी बोलत राहिलो. त्याला घटकाभरही एकटं ठेवलं नाही. मागाहून दगड काढले, तेव्हा अग्नी मी दिला. मला भाऊ समज.'

पार्वता चौकटीपाशीच खाली बसली. रडली ती नंतर. आधी तिनं शेवटच्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या, मग पुन्हा. त्या दिवशी उद्धवनं त्या ओळी अकरा वेळा वाचल्या, असं म्हणतात.

परत येताना नदीच्या पाण्यात उभं राहून त्यानं शपथ घेतली. आधी स्वतः शेवटापर्यंत वाचल्याशिवाय दुसऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. उघडलं की अर्ध्यावर सोडायचं नाही. आणि कुणाच्या घरची वाईट बातमी असेल तर ती ओट्यावर नाही, त्या घरी चालत जाऊन द्यायची. दुसऱ्या सकाळी त्यानं वाचनालय उघडलं आणि पुढं एकतीस वर्षं ते चालवलं. दर गुरुवारी पुस्तकांची पेटी घेऊन तो खुर्दला जायचा, पत्रं वाचून द्यायचा, मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचा. पेटीचं दुसरं टोक पहिली काही वर्षं मारोतीनं धरलं. अक्षरं शिकायला पहिली बसली ती पार्वता. दौलत गेडामचं पत्र तिनं दोन वर्षांनी स्वतः वाचलं, म्हणे.

आजही गुरुवारी वाचनालयाचं माणूस नदी ओलांडतं, आता पूल झाला तरी. आजही मोबाइलवर काही भलतंसलतं आलं तर म्हातारी माणसं फोन घेऊन आधी ओट्यावर येतात आणि शेवटपर्यंत वाचून द्या म्हणतात. आणि एस.टी.त कंडक्टरनं कुठं जायचं असं विचारलं, तर इथलं चार वर्षांचं लेकरूही 'टेमुर्ली बुद्रुक' असं सांगतं. कंडक्टर 'टेमुर्ली' एवढ्यावरच तिकीट फाडायला लागतो, समजलं समजलं म्हणतो. पण लेकरू पुढचा शब्द पुरा केल्याशिवाय गप्प बसत नाही.