सर्वांना मनाई

"सर्वांना म्हणजे कोणाकोणाला?" जिजींनी विचारलं.

निजसुरे सरांचं बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. पडद्यावरची ओळ त्यांनी नुकतीच मोठ्यानं वाचून दाखवली होती. सर्वांना मनाई.

जिजी ओट्यावरच्या चटईवर बसून चिंच फोडत होत्या. एक चिंचोका वाटीत पडला. मग दुसरा.

"मास्तर, मी काहीतरी विचारलं."

निजसुरे सरांनी विद्यापीठात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं होतं. 'सर्व' या शब्दाच्या पोटात काय काय येतं आणि काय येत नाही, यावर त्यांची व्याख्यानं व्हायची. निवृत्तीनंतर ते गिरणेकाठच्या या आश्रमात राहायला आले, आणि इथं जिजी त्यांना मास्तर म्हणू लागल्या. ते त्यांना थोडं लागायचं. पण बोलून दाखवण्याएवढं आपलं बरोबर आहे की नाही, याचीही त्यांना खात्री नसे.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमत. कुणी काही विचारी, जिजी दोन शब्द बोलत. कोणी न सांगता सरांनी ते सगळं रेकॉर्ड करायचं काम अंगावर घेतलं. माणसं चटईवर बसत आणि सर खांबापाशी खुर्ची टाकून. यंत्रावर लक्ष ठेवायला तिथून बरं पडे. मग खोलीत जाऊन ते रेकॉर्डर लॅपटॉपला जोडत. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्यातलं बोलणं साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेई. पडद्यावर हिरवी खूण उमटली, की सर रेकॉर्डर पुसून दुसऱ्या दिवसासाठी मोकळा करत.

आश्रमातली माणसं त्यांना खजिनदार म्हणत. ते मात्र त्यांना लागत नसे.

दिवाळीनंतर जिजींना दम पुरेना. संध्याकाळची बैठक थांबली, ती थांबलीच. जे काही होतं ते आता त्या काळ्या वडीत होतं.

आणि आज द्वारका आली होती.

नदीपलीकडच्या गावची बाई. तिचे वडील ओंकारआप्पा मार्गशीर्षात गेले. त्याआधी श्रावणात ते एकटेच एसटीनं इथं येऊन गेले होते. जिजींना काहीतरी विचारलं होतं. काय, ते घरी कुणाला सांगितलं नाही. बायको गेल्यापासून आप्पा घरात तसेही बोलत नव्हते. द्वारकेला एवढंच हवं होतं, की आप्पांनी काय विचारलं ते एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं.

तिनं आधी जिजींनाच विचारलं होतं. जिजी म्हणाल्या होत्या, "बोललेलं मी धरून ठेवत नाही गं. मास्तर ठेवतो. त्याला विचार."

सर खुशीत आले. बसा, आत्ता ऐकवतो, म्हणाले. वर्ष, महिना, तारीख, सगळं लावून ठेवलंय, म्हणाले. खुर्चीसमोर स्टूल ओढून त्यांनी लॅपटॉप मांडला, डिस्क जोडली.

'हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.'

सरांनी वायर काढून पुन्हा घातली. दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. लॅपटॉप बंद करून चालू केला. डिस्कवरचा दिवा नीट लुकलुकत होता. पडद्यावर पुन्हा तेच.

हे भास्करचं काम, असं ते द्वारकेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. भास्कर म्हणजे आश्रमात येणाऱ्यांतलाच एक. त्यानं गेल्या वर्षी याच फोल्डरमधून जिजींचं एक वाक्य घेऊन अर्ध्यावर कापलं, मागं बासरी लावली आणि उगवत्या सूर्याच्या चित्रासकट सगळ्यांच्या मोबाइलवर धाडलं. 'राग आला तर येऊ द्यावा', एवढंच. पुढचं गायब. जिजी ते ऐकून पोट धरून हसल्या होत्या. सरांचं मात्र जेवणावरून मन उडालं होतं.

त्या चिडीतच त्यांनी त्या फोल्डरच्या परवानग्यांची चौकट...

सरांचा हात थांबला.

त्यांनी ती चौकट उघडली. तिथं भास्करचं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं. सर्वांना, आणि पुढं मनाईची खूण. खूण कुणी केली हे तिथं लिहिलेलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. ती करताना यंत्रानं विचारलं होतं, की मनाई सगळ्या परवानग्यांना भारी पडते, पुढं जायचं का? आणि त्यांनी 'हो' दाबलं होतं. दाबताना बरं वाटलं होतं, हेसुद्धा त्यांना आता आठवलं.

"सर्वांना म्हणजे सगळ्यांनाच, जिजी," ते अखेर म्हणाले. "पण डिस्क माझी आहे. मला वाटलं, मी त्यात धरलेला नाही."

"वाटलं."

"हो."

"कधी लावलंस हे कुलूप?"

"गेल्या उन्हाळ्यात."

जिजींनी हातातली चिंच परातीत ठेवली.

"आणि दार उघडायला आज आलास?"

सरांनी तोंड उघडलं. ऐकायचं होतंच, असं त्यांना म्हणायचं होतं. निवांतपणे, सगळं गोळा झाल्यावर, पहिल्यापासून. पण वर्षभरात एकदाही... आणि त्याआधी? त्याआधी तरी कधी?

ते पडद्याकडे वळले.

यंत्र मालकाचं ऐकतं. सरांनी मनाईची खूण काढली आणि फोल्डर उघडलं. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की द्वारका हसली. आहे, सगळं आहे, ते तिला म्हणाले. जुनी वर्षं ओळीनं उभी होती. मागच्या वर्षीचा माघ होता. फाल्गुन होता. चैत्र...

चैत्रापुढं काही नव्हतं.

त्यांनी श्रावण शोधला. नावानं शोधला, तारखेनं शोधला. मग बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले. तिथं दर संध्याकाळची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढं हिरवी खूण. काम पूर्ण. काम पूर्ण. काम पूर्ण. त्याखाली करड्या, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती त्यांनी आजवर वाचली नव्हती.

'काही फाइली वगळल्या. या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.'

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती. चैत्रापासून दिवाळीपर्यंत, दर संध्याकाळी. आणि दर संध्याकाळी ती हिरवी खूण बघून त्यांनी स्वतःच्या हातानं रेकॉर्डर पुसला होता.

"असं होत नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

ते झटक्यात मागं सरले, तसा स्टुलावरचा लॅपटॉप कलला. द्वारका उठली आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"सापडत नाही का, सर?"

त्यांनी तिला सांगितलं. कसं झालं, कुणामुळं झालं, तेही सांगितलं. तिनं डिस्ककडे एकदा पाहिलं. मग तीच त्यांना समजावू लागली, की आप्पांचा आवाज बारीकच होता, तो यंत्रात आलाही नसता. हे ऐकून सरांना बसल्या जागी कुणीतरी ढकलल्यासारखं झालं.

"मास्तर," जिजी म्हणाल्या. "आप्पा आला तेव्हा तू होतास ना इथं?"

"होतो. इथंच. याच खुर्चीवर."

"मग तू सांग तिला."

सरांचं बोट पुन्हा पडद्याकडे गेलं.

"काय विचारलं आप्पानं?"

सरांनी डोळे मिटले. रेकॉर्डरचा लाल ठिपका दिसला. आवाजाचा पट्टा वरखाली होताना दिसला. वारा शिरू नये म्हणून यंत्रावर घातलेलं फडकं दिसलं.

"मला... नाही आठवत."

त्यांनी डोळे उघडले. मग सर म्हणाले, "ते हसले होते."

"कोण?" द्वारकेनं विचारलं.

"तुमचे आप्पा. जिजी काहीतरी बोलल्या, आणि ते हसले. मी त्यांना गप्प बसा अशी खूण केली. रेकॉर्डिंग बिघडत होतं."

"आप्पा हसले?"

"हो."

"मोठ्यानं?"

"मांडीवर थाप मारून. आणि मग तोंडावर हात धरला. दात नव्हते ना त्यांना... लाजले असावेत."

द्वारकेनं आपल्या तोंडावर हात धरला. तसाच. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, हे सरांना ठरवता येईना.

"आई गेल्यापासून ते घरात हसले नव्हते," ती हाताआडून म्हणाली. मग चटईवर जिजींशेजारी बसली. "पुन्हा सांगा, सर. ओट्यावर आले तिथपासून."

सरांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. आता परवानग्या नीट लावून घेतो, असं काहीतरी ते पुटपुटले आणि मध्येच थांबले.

"वर्षभर मी बाहेर होतो, जिजी. मला कळलंसुद्धा नाही."

जिजींनी चिंचांची परात उचलून पलीकडे ठेवली आणि थोड्या सरकल्या. चटईवर एका माणसाची जागा झाली.

"बाहेर आम्ही सगळेच आहोत, मास्तर... ये, बस."