न्यायाधीशांना ऐकू आलं

एका संस्थानात त्र्यंबकराव नावाचे न्यायाधीश होते. त्यांचा न्याय इतका चोख, की कचेरीत बाईचा शब्द कानावर घ्यायचाच नाही, असा दंडक होता. बाईची तक्रार तिच्या घरच्या पुरुषाने मांडायची.

विधवा सगुणेचं शेत दिराने बळकावलं. ती कचेरीत आली, तर तिच्या वतीने बोलायला उभा कोण? तोच दीर!

"वहिनींची काहीच तक्रार नाही," तो हसत म्हणाला.

"साफ खोटं!" सगुणा ओरडली.

त्र्यंबकराव छताकडे बघत म्हणाले, "कोणी बोललं का? आम्हाला तर काही ऐकू आलं नाही."

सगुणेने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सुनावलं, "हा न्यायाधीश म्हणजे पगडी घातलेलं गाढव आहे!"

त्र्यंबकराव ताडकन उठले. "पकडा हिला! भर कचेरीत मला गाढव म्हणते?"

सगुणेने हात जोडले. "म्हणजे ऐकू आलं तर सरकार! मग आता तक्रारही ऐका. आणि आलं नसेल, तर पुन्हा जरा मोठ्याने सांगते."

त्र्यंबकराव खाली बसले, पगडी सारखी केली आणि कारकुनाला म्हणाले, "बाई काय म्हणतात ते सगळं लिहून घ्या. गाढवाचं तेवढं सोडून."