ट्रॅक्टरची शिंगं

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव गुणाजी. सांगितलेलं ऐकायचं आणि ऐकलेलं विसरायचं नाही, हे दोन गुण त्याच्या अंगी होते. त्या दोन गुणांनी गाव जेरीला आलं होतं.

गुणाजी अंबादासमामाकडे राहायचा. मामा ट्रॅक्टरची वायरिंग करायचा. त्याच्या गोठ्यात बैल नव्हता. बैलाच्या जागी लाल ट्रॅक्टर उभा असायचा. मामानं त्याचं नाव ठेवलं होतं हिरामण.

पोळा जवळ आला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या जोड्या सजून वेशीजवळच्या मैदानात यायच्या. तिथं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं. तोरणाखालून जो पहिला जाईल, त्याच्या घराला वर्षभराचा मान.

मामा चावडीवर म्हणाला, "नांगरतो हिरामण. पेरतो हिरामण. मग पोळ्याला त्यानं घरी का बसायचं? यंदा पहिला मान त्याचा."

दौलतराव हसले. त्यांच्या दारात पाच बैलजोड्या होत्या आणि मान दरवर्षी त्यांच्याकडेच जायचा. म्हणाले, "अंबादास, तोरणाखालून शिंगांचं जनावर जातं. तुझ्या ट्रॅक्टरला शिंगं कुठायत?"

"लावतो! अशी लावतो की लखलखतील."

"लखलखली तर मान तुझा. नाही लखलखली तर तुझा हिरामण सगळ्यांच्या शेवटी, शेळ्यांच्या मागं. कायमचा."

"कबूल!" मामा म्हणाला. आणि घरी येऊन घाबरला.

मामानं बांबूची दोन मोठी शिंगं केली. शहरातून पुडकंभर दिवे आणले. बाजरीच्या दाण्याएवढे चिमुकले एलईडी. तारा आधीच जोडलेल्या. प्रत्येक दिव्याला दोन शेपट्या, एक लाल आणि एक काळी.

"गुणाजी, एक लावून बघ रे. पेटतो का?"

"जी मामा."

गुणाजीनं घरातलं प्लगचं भोक शोधलं. लाल शेपटी एका भोकात, काळी दुसऱ्या भोकात, आणि बटण दाबलं.

फट्!

दिवा गेला. फ्यूज गेला. गुणाजी पाटावर उभा होता, तो पाटासकट मागं गेला.

मामा धावत आला. "अरे शहाण्या! हे बारा व्होल्टचं कोकरू. त्याला घरच्या लायनीवर सोडतात का? ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडायचं असतं! बॅटरीला!"

"तसं आधी सांगायचं ना मामा. आता चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामामीनं हाक मारली. "गुणाजी, मिक्सर लावून दे रे बाबा. वेलची-जायफळ बारीक करायचंय."

"जी मामी."

गुणाजीनं मिक्सर उचलला. घरच्या लायनीवर सोडायचं नाही, हे त्याला पाठ होतं. गोठ्यात गेला. बॅटरी उघडली. बॅटरीला भोकं नव्हती. म्हणून त्यानं मिक्सरची पिन कापली, तारा सोलल्या आणि बॅटरीला बांधल्या. मिक्सर हूं की चूं करेना. गुणाजी शेजारी बसून राहिला. वेळ लागत असेल.

मामी शोधत आली. "अगं बाई! माझ्या मिक्सरची मुंडी उडवली मेल्यानं!"

मामा आला. कपाळाला हात लावला. तारांची उघडी टोकं लोंबत होती. "आणि ही टोकं अशीच ठेवलीस? उघडी तार दिसली की टेप गुंडाळायची! ध्यानात ठेव!"

"ठेवलं मामा."

मामानं मग त्याला सोपं काम दिलं. देवळात चार दिवे आणि एक लहान बॅटरी पोचवायची, आणि देवामागच्या महिरपीला दिवे लावून यायचं. गुणाजीनं लाल लालला जोडली, काळी काळीला जोडली. दिवे पेटले. टोकांना टेप गुंडाळली. देव उजळून निघाला. गुणाजीनं नमस्कार केला आणि वळला.

खुंटीवर भजन म्हणणाऱ्या नानाबुवांची एकतारी होती. तिची तार उघडी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी.

"अरेरे," गुणाजी म्हणाला. "कुणाला शॉक बसला म्हणजे?"

त्यानं पुरती तार काळ्या टेपनं गुंडाळली.

संध्याकाळी भजनाला माणसं जमली. नानाबुवांनी डोळे मिटले, बोट फिरवलं.

थप्.

बुवांनी डोळे उघडले. पुन्हा बोट फिरवलं. थप्.

"बुवा, एकतारीला सर्दी झाली का?" मागून कुणीतरी विचारलं.

बुवांनी तार पाहिली. मग गुणाजीकडं पाहिलं. बुवा शांत माणूस. म्हणाले, "लेकरा, जे वाजतं त्याची तार मोकळी ठेवावी रे. मोकळी असली तरच ते गातं."

"किती छान सांगितलंत बुवा," गुणाजी म्हणाला. "विसरणार नाही."

तिसऱ्या दिवशी मामानं हिरामणला नवा हॉर्न आणला. एक तार त्यानं स्वतः जोडली. दुसरी गुणाजीच्या हातात दिली. "ही बटणाला जोड. मी चहा घेऊन येतो."

गुणाजी तारेकडं बघत राहिला. हॉर्न वाजतो. जे वाजतं त्याची तार मोकळी ठेवावी. त्यानं ती मोकळी सोडली. तार डुलली, हिंदकळली आणि ट्रॅक्टरच्या लोखंडाला चिकटली.

पॉऽऽऽऽऽऽऽ!

थांबेचना. कोंबड्या कौलावर चढल्या. दौलतरावांच्या म्हशीनं पान्हा चोरला. शाळा सुटली समजून पोरं घरी निघाली.

"मामा, गातोय!" गुणाजी ओरडला.

मामा कपबशी टाकून धावला. बॅटरीची पट्टीच उपटून काढली. एकदम शांत.

"लेका!" मामा धापा टाकत म्हणाला. "गडबड झाली की बघत उभं राहायचं नाही. विचारही करायचा नाही. आधी सगळं सोडवायचं! सोडवलं की सगळं शांत!"

"हे बाकी खरंय मामा," गुणाजी म्हणाला. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळले. मामानं हिरामणच्या मडगार्डना हळद-तूप चोळलं आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये." गुणाजीनं डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून तेच आत पुन्हा सांगितलं. ऐकू जायला हवं.

पोळ्याचा दिवस उजाडला, कलला. मैदान भरलं. झुली, बाशिंगं, गोंडे, घुंगरं. तोरणासमोर दौलतरावांची पांढरी जोडी उभी होती. शेजारी हिरामण. त्याच्या बोनेटवर बांबूची शिंगं. शिंगांवर वेटोळे घालून दिवे. तारांची टोकं गुणाजीच्या हातात.

"काय अंबादास," दौलतराव म्हणाले, "शिंगं आहेत की कपडे वाळत घालायच्या काठ्या?"

मामा गुणाजीकडं वाकला. हळूच म्हणाला, "गुणाजी, बाळा. लाल लालला. काळी काळीला. एवढंच कर. दुसरं काहीसुद्धा करू नको."

गुणाजीनं लाल लालला जोडली. काळी काळीला जोडली.

आणि शिंगं लखलखली! बुडापासून शेंड्यापर्यंत, चांदण्यांचा मळा फुलल्यासारखी. मैदान "अहाहा!" म्हणालं. आपापल्या जोडीची दावी कुंपणाच्या बल्ल्यांना अडकवून माणसं बघायला धावली. मामी रडायलाच लागली. दौलतरावांनी पागोटं मागं सारलं आणि म्हणाले, "मानलं अंबादास. ने तुझा हिरामण."

मामा ऐटीत चढला. ट्रॅक्टर चालू केला. धडधड आवाज, वर लखलखती शिंगं. दौलतरावांच्या पांढऱ्या बैलानं ते पाहिलं. एवढं मोठं जनावर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो फुरफुरला, माती उकरली आणि उसळला.

"बैल बुजला! धरा! धरा!"

"गुणाजी!" मामा वरून ओरडला. "गडबड झाली रे!"

गुणाजी बघत उभा राहिला नाही. त्यानं विचारही केला नाही.

आधी त्यानं दिव्यांच्या तारा सोडवल्या. शिंगं विझली. पण शांत झालं नाही. मग त्यानं पहिल्या जोडीचं दावं सोडवलं. मग दुसरीचं. मग पुरतं कुंपण सोडवत गेला. "अरे अरे!" म्हणत माणसं त्याच्या मागं, आणि माणसांच्या मागं बैल. शेवटी त्याला तोरणाची दोरी दिसली. तीही बांधलेलीच होती. तीही सोडवली.

तोरण धप्पकन खाली आलं.

बैल शहाणे. जो तो आपापल्या घरी गेला, नैवेद्याची वाट न पाहता ओट्यावरच्या पुरणपोळ्यांना तोंड लावलं. माणसं त्यांच्यामागं धावली. ट्रॅक्टरही घाबरून बंद पडला. मैदानात पानाचाही आवाज राहिला नाही.

"बघा मामा," गुणाजी म्हणाला. "सगळं शांत."

मामा बोनेटवर डोकं टेकून बसला. दौलतराव बैलामागं धावून लंगडत आले. "आता मान कुणाचा? तोरणाखालून ना माझा बैल गेला, ना तुझा ट्रॅक्टर!"

एव्हाना माणसं परतली होती. सगळ्यांनी नानाबुवांकडं पाहिलं. बुवांनी पडलेलं तोरण पाहिलं. ते गुणाजीच्या गळ्यात अडकलं होतं.

"तोरणाखाली पहिला कोण आला?"

"मी," गुणाजी म्हणाला. "पण मी चालत नाही आलो बुवा. तेच माझ्याकडं आलं."

"मग मान याचा. म्हणजे अंबादासच्या घरचा. रीत म्हणजे रीत."

"पण शिंगं?" दौलतराव ओरडले. "याला शिंगं कुठायत?"

मामा ताडकन उठला. बोनेटवरची शिंगं सोडली आणि गुणाजीच्या डोक्याला बांधली. गुणाजीनं तारांची टोकं हातात घेतली आणि नम्रपणे म्हणाला, "मामा, घरच्या लायनीवर नको हं. ट्रॅक्टरच्या बॅटरीला."

म्हणून ट्रॅक्टर चालू करावा लागला. पुढं हिरामण, मागं तारांना जोडलेला लखलखता गुणाजी, आणि त्याच्या मागं हसून हसून लोळणारं गाव. अशी पोळ्याची मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढं हिरामणच होता. दौलतराव लंगडत मागून आले.

दारोदारी बायकांनी गुणाजीचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. घरी आल्यावर मामानं कौतुकानं त्याला हिरामणशेजारी बांधलं, पाठीवर थाप मारली आणि हसत जेवायला गेला.

सकाळी मामी गोठा झाडायला आली. गुणाजी तिथंच उभा. गळ्यात दावं, डोक्यावर विझलेली शिंगं.

"अगं बाई! रात्रभर इथंच होतास? मेल्या, दोन हात आहेत की तुला! दावं सोडायचं नाही?"

"कसं सोडू मामी?" गुणाजी म्हणाला. "गडबड कुठं झाली?"