साठीचा पडदा

“मोठ्यांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.” सोनखैरीच्या दरबारातला हा पहिला नियम. दुसरा नियम नव्हताच. पहिल्याच्या पुढे जायची कोणाची छाती झाली नसावी.

उल्का नोकरीला लागली त्या दिवशी हा नियम तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. दरबारातल्या यंत्रांची देखभाल हे तिचं काम. कॉलेजात ती तेच शिकली होती, आणि राजांचा नवा लॅपटॉपही तिनेच निवडला होता. “सरकार, जुना पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा एकशेवीस वेळा. पान तुपावरून घसरावं तसं सरकेल,” असं तिने छातीठोक सांगितलं होतं.

राजांनी भर दरबारात ब्राउझर उघडला, प्रजेचे अर्ज वाचायला घेतले, आणि पान सरकलं ते खडीच्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं, गचके खात.

“हे तुझं तूप?” जयमल्लराजे म्हणाले. राजे तिशीचे होते आणि हट्टाला पक्के होते.

पाचही ज्येष्ठ सल्लागार कामाला लागले. तात्यासाहेबांनी राजांच्या बोटाला खोबरेल चोळलं. कोणीतरी लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधली. सगळ्यांत वडील ते आप्पासाहेब. त्यांनी काठी आपटून सांगितलं, “आमच्या वेळी यंत्रं असा त्रास देत नव्हती.”

“तुमच्या वेळी यंत्रंच नव्हती, आप्पासाहेब,” उल्का म्हणाली.

“म्हणूनच,” आप्पासाहेब म्हणाले.

राजांनी हुकूम सोडला. “उद्या दरबार भरेल तेव्हा पान नीट सरकलं पाहिजे. लॅपटॉप हाच, ब्राउझर हाच, आणि नवी वस्तू एकही आणायची नाही. पान सरकलं नाही, तर नोकरीवरून तू सरकशील.”

“वा! काय कोटी केली सरकारांनी!” तात्यासाहेब म्हणाले, आणि बाकीचे चौघे त्यांच्या मागून हसले.

दुपारी ज्येष्ठ मंडळी जेवून आडवी झाली तेव्हा उल्काने लॅपटॉप व्हरांड्यात नेला. पान वाहत्या पाण्यासारखं सरकलं. तिने तो दरबारात आणला, तरी सरकलं. मग रोज सकाळी जोडायची तशी तिने मोठ्या जुन्या पडद्याची वायर त्याला जोडली. हा पडदा ज्येष्ठांच्या बैठकीसमोर होता. राजांना जे दिसतं ते ज्येष्ठांनाही त्याच क्षणी दिसलं पाहिजे, म्हणून ही वायर. ती लागली आणि पानाला गचके बसू लागले. काढली, गचके गेले. पुन्हा जोडली, पुन्हा आले.

रोग कळला होता. औषध मात्र अवघड होतं. वायर काढली तर राजांचं पान ज्येष्ठांच्या पुढे जाणार, म्हणजे नियम मोडणार, म्हणजे नोकरी जायची ती जाणारच. उल्का वायर पुन्हा काढून थोडा वेळ हातात धरून बसली. मग तिने ती होती तशी परत जोडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

“सरकला का तुझा गाडा?” राजांनी विचारलं.

“आधी एक विनंती, सरकार. दारापासून सिंहासनापर्यंत एकदा चालून दाखवा. एकटे.”

राजांना गंमत वाटली. ते दारापाशी गेले आणि लांब टांगा टाकत दहा पावलांत परत आले.

“आता पुन्हा, पण ज्येष्ठांसोबत.”

आप्पासाहेब पुढे निघाले. काठी टेकली, खोकले, धोतर सावरलं, मग एक पाऊल टाकलं. मागे राजे एक पाऊल टाकत, थांबत, अर्धं टाकत, पुन्हा थांबत. एकदा तर आप्पासाहेबांच्या धोतरावर पाय पडता पडता वाचला. सिंहासन येईपर्यंत तात्यासाहेबांचा विडा चघळून संपला.

“सरकार, पाय दुखतात का?” उल्काने विचारलं.

“पाय ठणठणीत आहेत.”

“मग असे अडखळत का आलात?”

“तुला दिसत नाही? आप्पासाहेबांच्या पुढे पाऊल टाकायचं नसतं.”

“का?”

दरबारात कोणाचीतरी तपकिरीची डबी खाली पडली.

“ते...” राजे चाचरले. “ते विचारायचं नसतं.”

“ब्राउझरही विचारत नाही,” उल्का म्हणाली. “तुमच्या दरबारात राहून शिकला बिचारा. तुमचा पडदा एकशेवीसच्या चालीचा, ज्येष्ठांचा साठच्या. एका वायरीने दोघांना एकत्र जुंपलंय, म्हणून तो साठच्या मागून चालतो. पाय त्याचेही ठणठणीत आहेत.”

राजे सावरून बसले.

“नवी वस्तू आणायची नाही, असं तुम्ही म्हणालात,” उल्का म्हणाली. “जुनी काढायला मनाई केली नव्हती. काढू?”

राजांनी मान हलवली. तिने वायर उपटली.

राजांनी बोट फिरवलं. पान सळसळत तळाला गेलं. राजांनी ते वर आणलं, खाली नेलं, पुन्हा वर आणलं. अर्ज वाचायचं ते साफ विसरले.

“म्हणजे दोष आमच्या पडद्यात?” आप्पासाहेब गुरगुरले.

“दोष कसला, आप्पासाहेब? पडदा साठीचा आहे, एवढंच. पुढची म्हण मी म्हणत नाही.”

दरबारातल्या सगळ्या माना राजांकडे वळल्या. मग राजे म्हणाले, “साठी, बुद्धी ना...” आणि त्यांना पुढे बोलवेना. ते इतके हसले की डोक्यावरचा मंदिल घसरून लॅपटॉपवर पडला. डोळे पुसत त्यांनी गळ्यातली कंठी काढून उल्काच्या हातात ठेवली.

“आजपासून या दरबारातली प्रत्येक वायर उल्काच्या हुकमात. कुठली जोडायची, कुठली काढायची, ते ती ठरवेल.”

आप्पासाहेबांनी काठी आपटली. “ते असू दे. पोरी, ती वायर मुकाट्याने परत जोड. मोठ्यांनी सांगितलं की का ते विचारायचं नाही.”

उल्काने वायरीची गुंडाळी करून खांद्याला अडकवली.

“विचारत नाही, आप्पासाहेब. जोडतही नाही.”

चौघा ज्येष्ठांनी तोंडं उघडली आणि आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांच्या आधी बोलायची रीत नव्हती, आणि आप्पासाहेब गप्प होते.