खाऱ्या विहिरीचे व्रत

"…आणि वीणा जानरावाच्याच गळ्यात का, बुवा?"

प्राध्यापक वासुदेव गावंडे उंबरठ्यावरच थांबले होते. पायांत चपला होत्या. मठाच्या फाटकाशी त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती.

मुकुंदबुवांच्या पुढे सहाण आणि चंदनाचे खोड मांडलेले होते. सहाण कोरडी होती.

मठाची रीत जुनी आहे. वीणा नव्या गळ्यात जायची, तर मठातल्या सर्वांत जुन्या शिष्याने स्वहस्ते गंध उगाळून त्या माणसाच्या कपाळाला लावावे. त्यावाचून वीणा खुंटीवरून उतरत नाही. आज सायंआरतीला ती उतरायची होती, आणि सर्वांत जुने शिष्य वासुदेव होते.

"चपला काढून ये किंवा घालून ये," बुवा म्हणाले. "पण आत ये."

वासुदेव चपला काढून आत आले.

"मी एकही काकडआरती चुकवलेली नाही. जानराव आरतीत पेंगतो. पूजेआधी चहा पितो. देवासमोर मोठ्याने हसतो. रिक्षासाठी गिऱ्हाईक हाकारावे, तसा अभंग म्हणतो."

"तुला त्याच्या चहाचा हेवा वाटतो, की वीणेचा?"

वासुदेवांची नजर कोरड्या सहाणेवर गेली.

"दोन्हींचा."

बुवांनी पाट पुढे सरकवला. वासुदेव बसले, पण टेकले नाहीत.

"आणि माझे व्रत? सुशीला गेल्यापासून मी मठाच्या खाऱ्या विहिरीचेच पाणी पितो. टाक्यातल्या पाण्याला ओठ लावलेला नाही. हे तुमच्या डोळ्यांदेखत, बुवा. जानराव तांब्यामागून तांब्या गोड पाणी पितो… आणि वीणाही त्यालाच."

हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. इथली विहीर तहान भागवत नाही, वाढवते. मठात पावसाचे पाणी टाक्यात साठवून वर्षभर पुरवून पितात. पत्नीच्या मागे वासुदेवांनी खारे पाणी धरले, ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. सोडायलाही कोणी सांगितले नव्हते.

"तुझा हरभरा कसा आहे?" बुवांनी विचारले.

विद्यापीठ सुटले, तरी वासुदेवांचा हरभरा सुटला नव्हता. मठामागे त्यांच्या कुंड्यांची रांग होती. काहींना खारे पाणी, काहींना गोड. त्यांचे सारे आयुष्य याच अभ्यासात गेले होते.

"बुवा, मी वीणेचे विचारतो आहे."

"आणि मी हरभऱ्याचे. खाऱ्या पाण्यात तो जगतो कसा?"

वासुदेवांनी उसासा टाकला. पण ज्याला आपल्या विषयाचे विचारले, त्याला राहवत नाही.

"पानात प्रोलीन नावाचे द्रव्य साठवतो. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांतलेच एक. बाहेरचे मीठ पाणी ओढून नेऊ पाहते. हे द्रव्य आतला ओलावा धरून ठेवते. रोप मान टाकीत नाही."

"म्हणजे चांगले द्रव्य."

"चांगले."

"माणसात असते?"

"असते. कातडी, हाडे, सांधे ज्या धाग्यांनी विणलेले आहेत, त्यांत ते भरपूर असते. जखम भरून येते, ती त्याच्या आधाराने."

"म्हणजे चांगलेच."



"नेहमी नाही. कर्करोगाच्या काही गाठी हेच द्रव्य जाळून त्यावर वाढतात. सुशीलेच्या गाठीत काय चालले होते, ते मला कोणी सांगितले नाही. पण तिच्या उशाशी बसून मी हाच विचार करीत असे… ज्याला मी जन्मभर रक्षक म्हणत आलो, ते तिच्या आत कोणाचे रक्षण करीत असेल?"



बाहेरच्या अंगणात जानरावाचा आवाज चढला. वीणा फार जड असते का हो, माझी मान आखडेल ना, असे तो कोणाला तरी विचारीत होता. मग तो स्वतःच हसला.

वासुदेवांचे दात एकमेकांवर रुतले.

"बरे," बुवा म्हणाले. "त्या खारवलेल्या हरभऱ्याला गोड पाणी मिळाले, तर?"

"तर साठवलेले सगळे मोडावे लागते. तत्काळ. मोडताना त्यातून जोर निघतो, आणि त्या जोरावर नवे फुटवे येतात."

"आणि मोडता आले नाही, तर?"

"प्रयोगशाळेत एक वाण होता तसा. साठवण्यात कोणाला हार जाणारा नव्हता, पण मोडण्याची शक्ती जन्मतःच नव्हती. दुष्काळात ताठ उभा. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम नेऊन दाखवीत असे. मग पाणी दिले, आणि…"

"आणि?"

"शेंडे करपले. साठाच विष झाला."

हे वाक्य त्यांनी वर्गात अनेकदा उच्चारले होते. आज उच्चारल्यावर त्यांची मान खाली गेली.

"जानराव मठात का आला, ठाऊक आहे?" बुवांनी विचारले.

"नाही."

"त्याचा कमावता मुलगा पुरात गेला. इथे आला, तेव्हा वर्षभर देवाकडे पाठ करून बसत असे. तू त्याला उद्धट म्हणालास."

"मला तो कधी बोलला नाही."

"तू कधी विचारले नाहीस."

…

बुवा उठले. कोपऱ्यातल्या तांब्यात टाक्याचे पाणी होते. तो घेऊन ते वासुदेवांपुढे उभे राहिले.

"ओंजळ धर."

"बुवा, माझे व्रत…"

"त्या पाण्यावर तू तगलास. म्हणून मी तेव्हा अडवले नाही. ओंजळ धर."

ओंजळीत पाणी पडले. वासुदेव त्याकडे पाहत राहिले. मग एक घोट घेतला.

"कसे लागते?"

"आळणी," वासुदेव म्हणाले. "यात काहीच नाही, बुवा."

तेवढ्यात दारात जानराव उभा राहिला. हातात फाटकाजवळची पिशवी होती.

"प्राध्यापकसाहेब, हे तुमचीच ना? आत ठेवू, का स्टँडवर सोडून देऊ? रिक्षा अजून चालवता येते मले."

वासुदेवांनी पिशवीकडे पाहिले.

"जायचं असन त जा बाप्पा," जानराव म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पण गंध लावून जा. तुमच्या हाताचं नसन, त मी वीणा घेत नाही. तशीच राहू द्या खुंटीले."

पिशवी उंबऱ्याशी ठेवून तो अंगणात परतला.

वासुदेवांची ओंजळ तशीच होती. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत होते. घोटभर उरले असेल.

बुवांनी सहाण त्यांच्यापुढे सरकवली.

"उरले ते हिच्यावर सोड आणि उगाळ."

वासुदेव दचकले.

"हे उष्टे आहे, बुवा. माझा ओठ लागला आहे."

"लागू दे," बुवा म्हणाले. "कोरड्या हाताचे गंध कपाळाला धरत नाही."