दाराआडची जिज्ञासा

एकदा एका मठातील वृद्ध पंडितांकडे एक निरक्षर बाई येऊ लागली. रोज दुपारी ती पदरात गुंडाळलेली एक वही घेऊन येई, खोलीचे दार लोटले जाई आणि घटकाभराने ती डोळे पुसत निघून जाई.

पंडितांच्या शिष्याला हे पाहवेना. दहा वर्षे त्याने त्यांच्यापाशी व्याकरण घोकले होते. गुरूंच्या पश्चात त्यांची बैठक आपलीच, असे तो मनात धरून होता. अखेर त्याने विचारले, "गुरुजी, त्या बाईला आत काय सांगता?"

"का रे?"

"सहज. जिज्ञासा म्हणून." मग त्याला राहवले नाही. "दहा वर्षांत माझ्यासाठी कधी दार लोटलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाई आली, तेव्हा गुरूंनी शिष्याला स्वतःच्या बैठकीवर बसवले आणि आपण बाहेर जाऊन दार लोटून घेतले.

बाईने वही उघडली. "गेलेल्या लेकीची हाय. गुरुजी रोज एक शबुद वाचून सांगत्यात. आज ह्यो."

शिष्याने वाचले, "जिज्ञासा."

"म्हंजी?"

"ज्ञा धातूचे इच्छार्थक रूप."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "गुरुजींनाच बोलाव, लेकरा."

शिष्य खाली मान घालून बाहेर आला. "मला सांगता आलं नाही."

"कसं येईल?" गुरू म्हणाले. "लेकीच्या मनात काय होतं ते कळावं, म्हणून ती दोन कोस चालत येते. तुला त्या वहीत काय आहे हे जाणायचंच नव्हतं. तिला माझ्याकडून किती मिळतं आणि तुला किती, एवढंच पाहायचं होतं. त्याला मत्सर म्हणतात. चांगल्या शब्दाआड त्याला लपवू नकोस. जा, ती वाट बघते आहे."

शिष्य आत गेला आणि बाईसमोर जमिनीवर बसला.

"मावशी, लेकीचं नाव काय होतं?"

"हौसा." बाई जराशी हसली. "ह्ये काय, त्ये कसं, सारखं इचारायची. मी वैतागायची."

शिष्याने वही तिच्यापुढे सरकवली. "मग हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे, मावशी. जाणून घ्यायची हौस, म्हणजे जिज्ञासा."

बाईने त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवले.

"म्हंजी सोताचंच नाव लिवलंय तिनं," ती म्हणाली.